एका खोलीतल्या दोन नीती

जून-जुलै आला की साकोलीत खोल्यांची शोधाशोध सुरू होते. लाखांदूर, लाखनी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतली मुलं-मुली इथं शिकायला येतात. कुणी मनोहरभाई पटेल महाविद्यालयात प्रवेश घेतं, कुणी करंजेकर फार्मसी कॉलेजात, कुणी आयटीआयला, तर कुणी पोलीस भरतीची तयारी करायला. रोजचं जाणं-येणं एसटीच्या वेळांवर अवलंबून, आणि धानाच्या हंगामात घरी राहिलं की अभ्यास बाजूला पडतो. म्हणून साकोलीत किंवा तिला लागून असलेल्या सेंदुरवाफ्यात दोघं-तिघं मिळून खोली करतात. भाडं वाटून, सिलेंडर वाटून, भात एकाच गंजात.

खरकटी भांडी, झाडझूड, रात्री उशिरापर्यंत चालणारं फोनवरचं बोलणं यांवरून खटके उडतात, पण पाळी लावली की ते बहुधा मिटतात. काही भांडणांना मात्र पाळीचा उपयोग नसतो. रूम पार्टनर करतो ते त्रासदायक आहे एवढंच वाटत असेल तर सोसता येतं. ते चूक आहे, पाप आहे, माणसाने असं वागू नये, असं मनापासून वाटत असेल तर त्याच्याबरोबर एका छपराखाली कसं राहायचं? वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, घराबाहेर पडल्यावर पहिल्यांदा हा प्रश्न समोर येतो, आणि त्याचं उत्तर सांगायला तिथं कुणीच नसतं. वसतिगृहाला अधीक्षक असतो, खोलीला फक्त घरमालक.

या पट्ट्यात नीतीचे किती प्रवाह एकमेकांशेजारून वाहतात हे आधी पाहायला हवं. बाबा जुमदेवांच्या परमात्मा एक सेवक मंडळाचे सेवक भंडारा जिल्ह्यात गावोगाव आहेत. एकाच परमेश्वराला मानायचं, सत्य, मर्यादा, प्रेम पाळायचं, दारू-जुगार सोडायचा, अशी त्यांची शिकवण. 'नमस्कारजी' म्हटलं की ओळख पटते. ज्या घरात बापाची दारू या मार्गाने सुटली, त्या घरातल्या मुलाला दारू हा आवडीनिवडीचा विषय वाटणं शक्य नाही. त्याला आईचे जुने हाल आठवतात. त्याच्या शेजारच्या गादीवर कदाचित गोंड घरातला मुलगा झोपतो, ज्याच्या घरी देवांच्या आणि पूर्वजांच्या पूजेत मोहाच्या दारूची धार लागते. लाखांदूरच्या पुढे वडसा लागतं, तिथून गडचिरोली जिल्हा सुरू होतो. तिथं १९९३ पासून दारूबंदी आहे, भंडाऱ्यात नाही. महानुभाव घरातली मुलगी दुसऱ्या देवाचा प्रसाद घेत नाही आणि मांस-मासळी खात नाही. तिची मैत्रीण ज्या गावची आहे तिथं तलावातले झिंगे म्हणजे पावसाळ्यातलं हक्काचं जेवण. बौद्ध घरांत १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पाठ असतात. त्यांत ब्रह्मा-विष्णू-महेश, गौरी-गणपती यांना न मानण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच दारू न पिण्याची, खोटं न बोलण्याची, चोरी न करण्याचीही आहे. म्हणजे सेवकाचा मुलगा आणि बौद्ध मुलगा दारूच्या प्रश्नावर एका बाजूला येतात, गणपतीच्या प्रश्नावरही कदाचित एकाच बाजूला येतात, आणि तरी त्यांच्या नकारामागची कारणं सर्वस्वी वेगळी असतात. शहरातले लोक 'संस्कारी विरुद्ध आधुनिक' असा जो सोपा भेद करतात, तो इथं लागू पडत नाही.

गणपतीचंच घ्या. तिघांच्या खोलीत दोघांना गणपती बसवायचा आहे, तिसरा बौद्ध आहे. "दोघं म्हणतात तर तिसऱ्यानं काऊन अडवायचं?" हा बहुमताचा युक्तिवाद लगेच पुढे येतो. मला तो मान्य नाही; श्रद्धा मतमोजणीने ठरत नाही. पण खोलीत मूर्तीच नको हा हट्टही मला पटत नाही. प्रतिज्ञा घेणाऱ्याने स्वतःपुरता शब्द दिलेला असतो. मी पूजा करणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या नजरेसमोर कुणी पूजा करू नये, असा नाही. तेव्हा ज्यांना बसवायचा त्यांनी आपल्या कोपऱ्यात, आपल्या पैशाने बसवावा. तिसऱ्याकडे वर्गणी मागू नये, आरतीला उभं राहण्याचा आग्रह धरू नये, प्रसाद नाकारला तर तोंड पाडू नये. हाच नियम १४ एप्रिलला उलट्या बाजूने लागू होतो. जयंतीची वर्गणी सक्तीची नाही. पण भिंतीवरचा बाबासाहेबांचा किंवा बुद्धाचा फोटो काढून ठेव, असं म्हणण्याचाही कुणाला अधिकार नाही. खोलीतली खरी अडचण श्रद्धेपेक्षा गर्दीची असते. दहा दिवस संध्याकाळी दहा पोरं आरतीला आली की तिसऱ्याने अभ्यास कुठे करायचा, हा प्रश्न वेळ ठरवून सुटतो. रमजानमध्ये पहाटे सहरीसाठी लागणाऱ्या दिव्याचं आणि गजराचंही तसंच. धर्माच्या नावाने सुरू झालेली कितीतरी भांडणं तपासली तर ती झोपेची आणि जागेची निघतात, आणि ती तशी निघाली की अर्धा राग ओसरतो.

दारूचा प्रश्न एवढा सरळ नाही. इथं कायदाही खोलीत येऊन उभा राहतो. महाराष्ट्रात देशी-विदेशी दारू पिण्यासाठी वय २५ पूर्ण लागतं, बियरसाठी २१. शिवाय मुंबई दारूबंदी कायदा १९४९ पासूनची परवान्याची अट आहेच. कॉलेजातली बहुतेक मुलं या वयाच्या आतली. त्यामुळे 'माझी खोली, मी काहीही करीन' हे म्हणणं टिकत नाही, कारण उद्या घरमालकाने बाटली पाहिली तर सगळ्यांनाच खोली सोडावी लागते. न पिणाऱ्याला 'खोलीत नको' म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. बाहेर पिऊन आला तर? माझ्या मते तो हिशेब खोलीचा नाही. शिवीगाळ, उलटी, रात्री दोन वाजता दार बडवणं हे खोलीचे विषय; प्यायला हा त्याचा विषय. न पिणाऱ्याला काळजी वाटत असेल तर त्याने मित्र म्हणून जरूर बोलावं, शुद्धीवर असताना, चारचौघांसमोर नव्हे. पण मित्र म्हणून बोलणं वेगळं आणि भाड्याच्या वाट्यावर बोट ठेवून शिस्त लावणं वेगळं.

सगळ्यात अवघड जागा खोटं बोलण्याची आहे. मुलींच्या खोल्यांत ती वारंवार येते. एकीचं कुणावर तरी प्रेम आहे, तिला भेटायला जायचं आहे, आणि जाताना ती सांगते, "आईचा फोन आला तर सांग, आंघोळीला गेली म्हणून." दुसरीला खोटं बोलणं मान्य नाही, कदाचित ते प्रेमही मान्य नाही. पहिलीला वाटतं, मी सज्ञान आहे, घरचे अन्यायाने पाळत ठेवतात, आणि मैत्रीण असून ही साथ देत नाही. दोघींच्याही म्हणण्यात वजन आहे. स्वातंत्र्य ही क्षुल्लक गोष्ट नाही आणि सचोटीही नाही. इथं 'समजून घे' या सल्ल्याचा अर्थ होतो, खोटं बोल. 'घरच्यांना कळवून टाक' या सल्ल्याचा अर्थ होतो, तिचं शिक्षण बंद पडलं तरी चालेल. आणि या भागात मुलीला खोलीवरून घरी बोलावून घेतलं की बहुतेकदा लग्नाची बोलणीच सुरू होतात.

यातून एक वाट निघते. "मी खोटं बोलणार नाही, पण तुझी बातमीही देणार नाही," हे आधीच, शांतपणे सांगता येतं. फोन आला तर, "काकू, ती आत्ता खोलीवर नाही, तिलाच फोन लावा ना," इतकं पुरतं. हे खोटं नाही आणि चुगलीही नाही. सोबत एक जुळवणूक हवी: रात्री अमुक वाजेपर्यंत आली नाही किंवा फोन लागला नाही तर मी शोधाशोध करणार, मग कुणाला कळलं तरी. जिवाच्या काळजीपुढे गुपित मागे पडतं, हे दोघींनाही मान्य व्हायला फार बोलावं लागत नाही.

या उदाहरणातून मला जे मांडायचं आहे ते नीट दिसतं. रूम पार्टनरचं वागणं बरोबर की चूक, याचा निवाडा खोलीत होत नाही आणि तो करण्याची गरजही नाही. खोलीत ठरवायचा प्रश्न दुसरा आहे: त्याच्या कृत्यात मला भागीदार केलं जात आहे का? माझ्या पैशाने, माझ्या भांड्यात, माझ्या तोंडून, माझ्या सहीने, माझ्या नावावर जर ते होणार असेल तर नाही म्हणण्याचा मला हक्क आहे, आणि तो हक्क बहुमताने, ज्येष्ठतेने किंवा मैत्रीने संपत नाही. पण ते माझ्याशिवाय होत असेल, मला ते नुसतं दिसत असेल, खटकत असेल, तर तेवढ्यावरून ते थांबवण्याचा हक्क मला मिळत नाही. वर्गात प्रॉक्सी लाव, प्रॅक्टिकलचं जर्नल उतरवून दे, परीक्षेत चिठ्ठी पोचव, या सगळ्या मागण्या भागीदारीच्या आहेत. परीक्षेतली मदत तर महाराष्ट्रात १९८२ च्या गैरप्रकार प्रतिबंधक कायद्याखाली मदत करणाऱ्यालाही गोत्यात आणते. तिथं नकार देणारा 'शहाणपणा दाखवतो' असं नाही. तो स्वतःला वाचवतो आहे.

भागीदारीची एक मागणी मात्र वेगळ्या जातीची आहे. खोली मिळावी म्हणून आडनाव लपवणं. "घरमालकाला आपलं सगळ्यांचं आडनाव माझंच सांगू," असं एखादा मित्र म्हणतो. हे खोटंच आहे. पण ते कुणी भाग पाडलं? १९१७ मध्ये अमेरिका-इंग्लंडहून शिकून बडोद्याला नोकरीसाठी आलेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळेना, तेव्हा ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहिले. काही दिवसांनी हातात काठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले आणि त्यांना बाहेर काढलं. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्याच्या आधी न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांचा खोलीतला सोबती होता नवल भथेना, तोही पारशीच. ती दोस्ती जन्मभर टिकली आणि पुढे अडचणीच्या काळात भथेनाने पैशाची मदतही केली. एकाच समाजातली माणसं; एका ठिकाणी बरोबरीने राहायची जागा मिळाली, दुसऱ्या ठिकाणी काठी मिळाली. फरक माणसांच्या मूळ स्वभावात शोधण्यापेक्षा, ती कोणत्या व्यवस्थेत भेटली त्यात शोधावा असं मला वाटतं. भाड्याच्या जागेतला हा भेद संपलेला नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नुसत्या नावावरून दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार मिळत असल्याचं दिसून आलं. आडनाव लपवणाऱ्या मुलाला सचोटीचा धडा देण्याआधी घरमालकाच्या प्रश्नाकडे बोट दाखवायला हवं.

वेगवेगळ्या चालीरीतींच्या मुलांची राहण्याची सोय कशी करायची, या प्रश्नाची दोन मोठी उत्तरं महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच करून पाहिली आहेत, आणि दोन्ही कोल्हापूर-साताऱ्याकडची आहेत. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढलं. काही वर्षांत ते व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांचंच होऊन बसलं. मग १९०१ पासून त्यांनी जातवार वसतिगृहांची वाट धरली: मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. प्रत्येकाला आपल्या चालीरीतीप्रमाणे राहता यावं आणि कुणाच्या चालीरीतीमुळे कुणाचं शिक्षण अडू नये, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. याच जैन वसतिगृहात भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावं लागलं. नीतीवरून खोली सुटल्याचं एवढं स्पष्ट उदाहरण आपल्या इतिहासात दुसरं क्वचितच सापडेल. वसतिगृहाच्या दृष्टीने तो नियम मोडत होता, त्याच्या दृष्टीने नियमच माणुसकी मोडत होता.

त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. मुलं एकत्र राबत, एकत्र रांधत, एका पंगतीत जेवत. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेलं. शाहूंचं एकत्र वसतिगृह एकाच जातीचं होऊन बसलं आणि भाऊरावांचं टिकलं, याचं कारण साताऱ्यात कामाची वाटणी सगळ्यांना सारखी होती, संस्थेचं सारं बळ समतेच्या पाठीशी उभं होतं, आणि स्वयंपाकघर कुणा एकाच्या सोवळ्याच्या ताब्यात नव्हतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये, लोक एकत्र आल्याने पूर्वग्रह केव्हा कमी होतो याच्या अटी सांगितल्या: दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, काम मिळून हवं, आणि वरच्या सत्तेचा पाठिंबा हवा. साताऱ्याच्या बोर्डिंगात त्या चारही अटी तीस वर्षं आधी रोज संध्याकाळी चुलीपाशी पाळल्या जात होत्या.

मुंबईतल्या गोवेकरांच्या कुडांनी तिसरी तऱ्हा काढली होती. एका गावाने धोबीतलाव-माझगावकडे जागा घ्यायची, गावच्या माणसाला तिथं स्वस्तात उतरता यायचं, संध्याकाळच्या सामूहिक प्रार्थनेला हजर राहावं लागायचं. नियम कडक, पण आधीपासून माहीत आणि सगळ्यांना सारखे. साकोलीतल्या खोल्याही बऱ्याच अंशी अशाच जुळतात. गाववाला गाववाल्यालाच पाहतो. मात्र कुडाला गावाची समिती होती. खोलीला तसं काही नाही.

आणि खोल्या वाढल्या आहेत, त्यामागे सरकारी धोरणही आहे. २०१६-१७ पासून वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आली: जागा देण्याऐवजी खात्यात पैसे. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या भोजनाऐवजीही रोख रक्कम देण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध मुलांनी पुण्याहून नाशिककडे मोर्चा काढला. रोख मदतीने निवड वाढते हे खरं. पण एका पंगतीत बसण्याची सक्ती जाते, आणि तंटा झाला तर जाण्याची जागाही जाते. या बाजूची चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

मोठ्या संस्थांतही घडी नीट बसलेली नाही. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या एका वसतिगृहात 'इथे फक्त शाकाहारींनी बसावं' अशा पाट्या दिसल्या, वाद झाला, पुढे मेसमध्ये सहा टेबलं शाकाहारींसाठी राखली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. वास सहन न होणं खरं असू शकतं. त्याबद्दल मी कुणाला हसणार नाही. पण सोय म्हणून वेगळं ताट ठेवणं आणि जागेवर 'यांना बंदी' अशी पाटी लावणं यांत फार अंतर आहे.

ते अंतर मोजायला एक साधी कसोटी पुरते. 'ज्या गंजात झिंगे शिजले त्यात माझा भात नको,' हे भांड्याबद्दल आहे. दुसरा गंज आणला की प्रश्न मिटला, आणि तो आणण्याचा खर्चही वाटून घ्यायला हरकत नाही. 'त्याने हात लावलेला भात मला नको,' हे माणसाबद्दल आहे. तिथं दोन नीतींचा झगडा नाही, तिथं अस्पृश्यता आहे. संविधानाच्या १७ व्या कलमाने ती संपवलेली आहे आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने जातीवरून होणारा छळ हा गुन्हा आहे. तिथं तडजोडीची भाषा करणं म्हणजे सोसणाऱ्यालाच आणखी सोसायला सांगणं. २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या निवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळाचे आरोप झाले, खटला उभा राहिला. अशा प्रकरणांत आधी कुणी 'थोडं जमवून घे' म्हटलेलं असेल, तर त्या शब्दांचं ओझं कुणाच्या खांद्यावर पडतं हे विचारायला हवं.

'ॲडजस्ट कर' हा आपला आवडता सल्ला मला म्हणूनच धोक्याचा वाटतो. तो नेहमी कमजोर बाजूला दिला जातो: जो नवा आहे, ज्युनिअर आहे, ज्याचं भाडं उशिरा येतं, ज्याची दुसरी खोली मिळण्याची शक्यता कमी आहे. खोलीतला बलवान कधी ॲडजस्ट करत नाही. त्याचं वागणं म्हणजेच खोलीची रीत ठरते.

मग काय करता येतं? मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विचारवंत बाईंनी १९२५ मध्ये एक प्रसंग सांगितला होता. ग्रंथालयाच्या एका छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, त्यांना स्वतःला बंद हवी होती, कारण वारा अंगावर येत होता. शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली आणि दोघांचंही भागलं. वाटाघाटींची पुढची पुस्तकं याच धाग्यावर उभी राहिली. खोल्यांतल्या भांडणांना ही रीत अर्ध्यापर्यंत उपयोगी पडते. झिंग्यांचा वास, आरतीचा आवाज, सहरीचा दिवा यांना शेजारची खिडकी सापडते. प्रतिज्ञेला, व्रताला, सचोटीला तशी खिडकी नसते. अर्धी प्रतिज्ञा मोडून भागत नाही. म्हणून आधी भांडणाचे दोन ढीग करावे लागतात: सोयीचं काय आणि मनाला न पटणारं काय. सोयीच्या ढिगात सढळ हाताने देवघेव करावी, दुसऱ्या ढिगात फक्त भागीदारीची रेघ ओढावी.

ती रेघ ओढताना कसं बोललं जातं यावर खूप ठरतं. "तू वाया गेला आहेस" या वाक्याला उत्तर नसतं, फक्त प्रतिहल्ला असतो. "मले हे जमत नाही, माह्या पैशातून नको" या वाक्यावर बोलता येतं. शेवया-पोळ्या, तेल-मीठ, भाजी समाईक खर्चात. मांस-मासळी, सिगारेट, बाटली, पूजेचं साहित्य ज्याचं त्याच्या खिशातून. हिशेबाच्या वहीत ही दोन पानं वेगळी केली की कितीतरी चिडचिड शब्दांत येण्याआधीच संपते. आणि ज्या रात्री घटना घडली त्याच रात्री बोलू नये. अमळनेरच्या छात्रालयाचे अधीक्षक असताना साने गुरुजी मुलांसाठी रोज हस्तलिखित दैनिक काढत. तिथं उणं-दुणं, कौतुक, समज सगळं लिहून समोर येई. लिहिलेलं वाचताना माणूस आवाज चढवत नाही. तोंडी भांडण थोपवण्यासाठी मी अजूनही हाच उपाय सुचवीन, मग तो व्हॉट्सॲपवरचा चार ओळींचा निरोप का असेना, फक्त तो तिघांच्या ग्रुपवर न टाकता त्या एकालाच पाठवावा.

मध्यस्थ कोण असावा हाही मोठा प्रश्न. आपल्याकडे पहिला फोन आई-बापांना जातो किंवा दुसऱ्या दिवशी घरमालकाकडे. दोघंही तंट्यातले पक्ष आहेत. आई-बाप आपल्या मुलाच्या बाजूने बोलतात, आणि घरमालकाला शांतता म्हणजे रिकामी खोली वाटते. भांडणाऱ्या दोन्ही सोबत्यांचा विश्वास असलेला वरच्या वर्गातला विद्यार्थी, अभ्यासिकेतला एखादा दादा, शाळेतले जुने गुरुजी, यांपैकी कुणी बसलं तर बोलणं होतं. त्याने न्याय देऊ नये. कोण कशात भागीदार होणार नाही एवढंच दोघांकडून वदवून घ्यावं.

एवढं करूनही भिन्न माणसांनी एकत्र राहण्यात काही अर्थ आहे का? २००८ मध्ये नताली शूक आणि रसेल फाझिओ यांनी अमेरिकेतल्या नव्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या गेल्या होत्या. ज्या गोऱ्या मुलांना कृष्णवर्णीय सोबती मिळाला ती सुरुवातीपासून कमी समाधानी होती, एकमेकांबरोबर वेळही कमी घालवत. तरीही काही आठवड्यांत त्यांच्या मनातला, त्यांना स्वतःलाही न कळणारा पूर्वग्रह कमी झालेला आढळला. म्हणजे एकत्र राहणं सुखाचं नसूनही मन बदलतं. म्हणजे एकत्र राहणं सुखाचं नसूनही मन बदलतं. साकोलीच्या खोल्यांना हे जसंच्या तसं लागू होईल असा माझा दावा नाही. पण 'आपलीच पोरं बरी' म्हणून खोल्या जातवार आणि पंथवार पाडणाऱ्या पालकांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा.

आणि वेगळं व्हायची वेळ आली तर नीट वेगळं व्हावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. खोल्यांच्या व्यवहारात तो फारसा होत नाही. मग एकजण मध्येच निघून गेला की उरलेल्यांवर पूर्ण भाडं पडतं, डिपॉझिट अडकतं, आणि नीतीच्या मतभेदाला पैशाचं वैर जोडलं जातं. निदान तिघांनी आपसात एक कागद करावा: कोण किती डिपॉझिट भरतो, निघायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, आणि कोणत्या गोष्टी खोलीत होणार नाहीत.

याची सुरुवात कॉलेजातूनच करता येईल. रॅगिंगविरोधी २००९ च्या यूजीसी नियमांनी आवाराबाहेरच्या खासगी वसतिगृहांचा आणि लॉजचाही विचार केलेला आहे, म्हणजे कॉलेजची नजर फाटकाशी संपत नाही हे तत्त्वतः मान्यच आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याकडून आणि पालकांकडून हमीपत्र भरून घेतलं जातं. त्याच टेबलावर खोली करून राहणाऱ्यांची एक नोंद ठेवावी, तो एक पानाचा कागद छापून द्यावा, आणि तंटा झाला तर कुणाकडे जायचं त्या एका प्राध्यापक सरांचं आणि एका मॅडमचं नाव त्यावर लिहावं.